दोन रेघांचा रविवार

रविवारी सकाळी आठ वाजता सासूबाईंना बाथरूममध्ये, आरशाखालच्या फळीवर, ब्रशांच्या पेल्यामागे एक पांढरी पट्टी सापडली. पट्टीवर दोन लाल रेघा होत्या. साडेआठला ही बातमी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे पोचली, आणि तिथे पोचली म्हणजे मग विचारायलाच नको. त्या बाईला गरम चहाचा घोट एक वेळ तोंडात धरून ठेवता आला असता, बातमी नाही. साडेअकरापर्यंत बाहेरच्या खोलीतला सोफा पुरेना आणि स्वयंपाकघरातल्या खुर्च्या उचलून आणाव्या लागल्या.

जिची ती पट्टी, ती सकाळी आठला एका इमारतीच्या आठव्या आणि नवव्या मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर गुडघे टेकून बसली होती. खाली डब्यात एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा कुत्रा आणि एक घामाघूम पाहुणा अडकलेला. पाहुणा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "अजून किती वेळ?" आणि ती दर वेळी तेच सांगत होती, "निघेल तेव्हा निघेल. दाराला टेकू नका."

लिफ्टवाली म्हणूनच तिला सगळे ओळखत. बारा वर्षं हे काम करत होती ती. पहिली दोन वर्षं लोक दार उघडून तिच्या मागे बघायचे, मेकॅनिक कुठाय म्हणून. आता बघत नसत. तिचे दोन नेम होते. एक, शाफ्टमध्ये उतरताना हत्यारं मोजायची आणि वर येताना पुन्हा मोजायची, कारण टपावर विसरलेला एक पाना खाली कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. दुसरा, लॉगबुकात जे असेल तेच लिहायचं. झिजलेल्या दोराच्या रकान्यात 'ठीक' लिहून टाक म्हणणाऱ्या साहेबाच्या हातात तिने एकदा पेन परत दिलं होतं आणि म्हटलं होतं, "तुम्ही लिहा. सही पण तुमचीच करा." साहेबांनी लिहिलं नाही. दोर बदलला.

अशी ही बाई, आणि आज नेमकी पट्टीच मागे विसरून आली. सकाळी सहाला पट्टी हातात धरून ती बाथरूममध्ये उभी होती, आनंदाने अगदी वेडी व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन वाजला. माणसं अडकली आहेत म्हटल्यावर थांबायचं कसलं? पट्टी फळीवर ठेवली, पिशवी उचलली, निघाली. नवऱ्याला उठवून सांगायचंसुद्धा राहिलं.

आता ही पट्टी कशाची, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या घरात जमलेल्या लोकांना ते दुपारपर्यंत कळलं नाही आणि त्यापायी सगळा घोळ झाला. ती गरोदरपणाची पट्टी नव्हती. तशीच दिसते, डबाही तसाच असतो, पण ही सांगते ती बीज सुटायची वेळ. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद आली की समजायचं, आज-उद्याकडे सुटणार. लिफ्टवालीने सहा वर्षं रोज एक याप्रमाणे गोळ्या घेतल्या होत्या, मूल नको होतं म्हणून. आठ महिन्यांपूर्वी थांबवल्या, मूल हवंसं वाटलं म्हणून. बंद केल्यावर पाळीने अडीच महिने तोंडच दाखवलं नाही. मग आली ती कधी बावीस दिवसांनी, कधी चाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "होतं असं काही जणींना. गोळ्यांनी काही बिघडत नाही, शरीराला आपली लय धरायला थोडा वेळ लागतो. मोजत राहा." ती मोजत राहिली. महिन्यामागून महिने दुसरी रेघ फिकट, भुतासारखी यायची. आज पहिल्यांदा ती ठसठशीत आली होती. मूल राहिलं असं नाही, पण आपलं यंत्र चालू आहे, कुणी काही म्हणो, ते चालू आहे, याचा लेखी पुरावा तिला मिळाला होता. टपावर बसून ब्रेक मोकळा करतानासुद्धा ती अधूनमधून एकटीच हसत होती.

अडकलेल्यांना काढून, आणखी दोन लिफ्टा उरकून ती घरी पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. दार तिच्या नणंदेने उघडलं आणि उघडल्या उघडल्या तिच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढून घेतली.

"ही आता उचलायची नाही."

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणे!" आतून मावशींचा आवाज आला. मावशी म्हणजे सासूबाईंची तीच धाकटी बहीण. "अगं सूनबाई, आत तर ये. चोरून ठेवलंस होय आमच्यापासून?"

खोलीत मावशी होत्या, मावशींचे यजमान, म्हणजे काका होते, जे बायको बोलत असताना कायम पेपर वाचत आणि बायको कायम बोलत असल्यामुळे फार वाचलेले होते. टेबलावर केक होता. केकच्या शेजारी चहाची बशी, बशीवर घडी केलेला स्वच्छ पांढरा रुमाल, आणि रुमालावर ती पट्टी. एखादा दागिना मांडून ठेवावा तशी.

लिफ्टवालीला सगळं एका क्षणात कळलं.

सासूबाई पुढे आल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. त्यांनी तिचे ग्रीस लागलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "मला कुणी सांगायची गरज पडली नाही हो. बावीस वर्षं प्रसूतिगृहाच्या काउंटरवर बसले मी. अशा पट्ट्या हजारांनी पाहिल्या. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसले."

खरंच होतं ते. सासूबाई प्रसूतिगृहात नावनोंदणीला होत्या आणि त्यांच्या वेळी पट्टी एकाच प्रकारची असायची. ज्याला काही ठाऊक नाही तो निदान डबा वाचतो. ज्याला सगळं ठाऊक असतं त्याला वाचायची काय गरज?

"आता लिफ्ट-बिफ्ट बंद," मावशी म्हणाल्या. "वर-खाली, वर-खाली, ते हिसके! मी तर म्हणते त्या हिसक्यांमुळेच इतकी वर्षं लागली. ऑफिसात बसायचं काम माग."

"तू गप बस गं," सासूबाई बहिणीला म्हणाल्या. "आज तरी गप बस."

लिफ्टवालीने नवऱ्याला शोधलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चष्मा पुसत होता. चष्मे बनवायचंच त्याचं दुकान, आणि अडचणीत सापडला की तो आपला चष्मा पुसायला घ्यायचा. आज तो फारच स्वच्छ झालेला दिसत होता.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली आणि त्याला पाठीमागून ढकलत आत घेऊन गेली.

"तुला माहीत आहे ना ती कसली पट्टी आहे?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"माहीत आहे."

"डबा तूच आणलास."

"हो गं."

"मग गेले तीन तास तू काय करत होतास?"

"आई रडत होती," तो म्हणाला. "आनंदाने. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. कुठे तोंड उघडणार? आणि मग मावशी आली. मग केक आला." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हे बघ, आजचा दिवस जाऊ दे. होऊ दे त्यांना खूश. दोनेक आठवड्यांनी सांगू की... राहिलं नाही. असं होतं लोकांचं. कुणी खोदून विचारत नाही."

लिफ्टवाली त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात तिडीक गेली, ती अशी की क्षणभर तिला समोरचा ओटा दिसेना.

सहा वर्षं याचं हेच. लग्नानंतर वर्षभराने आईने विचारलं तेव्हा हा म्हणाला होता, "बघू, होईल तेव्हा होईल." गोळ्यांचं सांगून टाकू, असं ती म्हणाली की उत्तर ठरलेलं, "कशाला उगाच वाद? नंतर सांगू." त्या नंतरला कधी तारीख पडली नाही. आणि न सांगितल्याने झालं काय, तर सगळ्यांनी धरून चाललं की हिला होत नाही. याला नव्हे, हिला. कुणाच्या तरी बाळाच्या वाढदिवसाला ती ते बाळ मांडीवर घेऊन बसली होती, छान खेळत होतं ते, तर मावशींनी येऊन ते अलगद उचललं. "दे इकडे, तुला उगाच वाईट वाटेल." वाईट वाटत नव्हतं. बाळ वजनदार होतं आणि तिच्या कानातलं ओढत होतं, एवढंच. पण ते उचलून नेल्यावर मात्र वाटलं, आणि त्या वेळी हा समोर बसून चष्मा पुसत होता.

त्या सगळ्याचं तिने काही मनाला लावून घेतलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. लावून घेतलं होतं. चांगलंच घेतलं होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "जे झालंच नाही ते पडलं म्हणून सांगायचं. आणि मग तुझी आई माझ्या उशाशी बसून माझे पाय चेपणार, आणि मी चेपून घेणार. असंच ना?"

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला.

"आणि मावशी म्हणणार, लिफ्टच्या हिसक्यांनी पडलं."

"म्हणेल," तो कबूल झाला.

"मी खोट्याखाली सही करत नाही," ती म्हणाली. "साहेबांसाठी नाही केली. तुझ्यासाठी सहा वर्षं केली, ती चूक माझी. आजपासून बंद." तिने नळाखाली हात धुतले, साबण लावून कोपरापर्यंत, आणि कपाटातून डबा काढला. "चल. आणि तो चष्मा डोळ्यांवर घाल."

बाहेर मावशी केक कापायला सुरी शोधत होत्या.

"मावशी, थांबा जरा," लिफ्टवाली म्हणाली. "आई, तुम्ही बसा. ही पट्टी गरोदरपणाची नाही. मला दिवस गेलेले नाहीत."

खोलीत अशी शांतता झाली की काकांनी पेपर खाली केला.

"अगं, दोन रेघा आहेत," सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "घाबरलीस का तू? पहिल्या वेळी घाबरतात बायका. मी बावीस वर्षं—"

"आई, हा डबा वाचा."

सासूबाईंनी डबा घेतला. मुलाने करून दिलेला चष्मा लावला. ओठ हलवत एकेक ओळ वाचली, मग डबा उलटून मागची बाजू वाचली, मग पुन्हा पुढची. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते बघणं लिफ्टवालीला सगळ्यांत जड गेलं. पण तिने नजर काढली नाही.

"म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "नाही."

"नाही. ही वेळ सांगते. बीज सुटायची. आम्ही आठ महिने प्रयत्न करतोय."

"आठ महिने?" नणंद म्हणाली. "लग्नाला तर सात वर्षं झाली."

लिफ्टवालीने नवऱ्याकडे पाहिलं. हे वाक्य ती बोलणार नव्हती. तिचं तोंड शिवलेलं नव्हतं, पण हे त्याच्या वाट्याचं होतं, आणि त्याच्या वाट्याचं ती सहा वर्षं उचलत आली होती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"ती गोळ्या घेत होती," तो म्हणाला. "मूल होऊ नये म्हणून."

"ती घेत होती," लिफ्टवाली म्हणाली. "आणायचं कोण?"

"मी. मी आणायचो. दर महिन्याला, दुकानातून येताना. आमचं दोघांचं ठरलं होतं. ती सांगू म्हणायची, मीच नको म्हणायचो. तुम्ही सगळे तिला काय काय बोललात ते मी ऐकत होतो. ऐकून गप्प बसत होतो."

एवढं बोलून तो खाली बसला. सात वर्षांत तो एका दमात इतकं खरं कधी बोलला नव्हता आणि त्याला चक्क धाप लागली होती.

"तरीच!" मावशींना आवाज फुटला. "तरीच म्हटलं! सहा-सहा वर्षं गोळ्या गिळून आतलं सगळं आटवून टाकलंस, आणि आता रेघा मोजत बसलीस होय?"

"काही आटलेलं नाही, मावशी. आटलं असतं तर ही रेघ आली नसती. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय मला. तुम्हाला त्यांचा नंबर देते, त्यांना सांगा आटतं म्हणून."

"पण का? असं काय अडलं होतं तुझं?"

"काही अडलं नव्हतं. नको होतं म्हणून घेतल्या. आता हवंय म्हणून सोडल्या. दोन्ही वेळा मीच ठरवलं आणि दोन्ही वेळा बरोबर ठरवलं. उद्या पुन्हा लग्न झालं तर पुन्हा सहा वर्षं घेईन."

मावशींनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. काकांनी हे दृश्य फार वर्षांनी पाहिलं असावं. त्यांनी पेपरची नीट घडी घातली.

सासूबाई अजून डब्याकडे बघत होत्या. "मी भांडले तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा होता आणि रडका होता. "ही माझी सख्खी बहीण. हिने तुला वांझ म्हटलं म्हणून मी दोन वर्षं हिच्याशी बोलत नव्हते. मी म्हटलं, त्या पोरीच्या हातात आहे का ते? आणि होतं की. तुझ्याच हातात होतं. मला वेडी ठरवलंत दोघांनी."

हे मात्र लिफ्टवालीला लागलं. मावशींचं एकही वाक्य लागलं नव्हतं, पण हे आत जाऊन बसलं. ती सासूबाईंसमोर जमिनीवर टेकली.

"आई, तुमच्यापासून लपवलं, त्याची मी माफी मागते. मनापासून मागते. तुम्ही माझ्यासाठी भांडलात तेव्हा मला रोज सांगावंसं वाटायचं. नाही सांगितलं, चुकलं. पण गोळ्यांची माफी मी मागणार नाही. तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही."

सासूबाईंनी नाक पुसलं, रुमालावरची पट्टी उचलली आणि उजेडात धरली. काउंटरवरची बावीस वर्षं अशी एका दुपारी थोडीच जातात?

"ही दुसरी पहिलीइतकीच गडद आहे," त्या म्हणाल्या. "उलट थोडी जास्तच."

"हो. पहिल्यांदाच आली अशी."

"आणि डब्यावर लिहिलंय, अशी आली म्हणजे..."

"म्हणजे आज," लिफ्टवाली म्हणाली. "फार तर उद्या."

नणंद छताकडे बघायला लागली. काकांचे कान लाल झाले.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चला," त्या बहिणीला म्हणाल्या.

"कुठे?"

"तुझ्याकडे. जेवायला तुझ्याकडे, आणि आज झोपायलाही तुझ्याकडेच." त्या लेकीकडे वळल्या. "ए मुली, तूही ऊठ. घर रिकामं करा सगळ्यांनी."

"अगं पण ताई, केक—"

"केक घे बरोबर!"

पाच मिनिटांत चपला शोधल्या गेल्या. सासूबाईंनी एक पिशवी भरली, औषधाची डबी घेतली, आणि दारातून मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याशी मी उद्या बोलणार आहे. तयारीत राहा." मग सुनेकडे पाहिलं. राग गेलेला नव्हता, दिसत होता. "आणि या वेळी नाही राहिलं तर?"

"तर पुढच्या महिन्यात पुन्हा."

"मला सांगशील?"

"राहिलं तरी सांगेन, नाही राहिलं तरी सांगेन."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. खालच्या वळणावरून मावशींचा आवाज आला, मग त्यावर सासूबाईंचा, मग कुणाचाच नाही.

घरात ते दोघंच उरले. बाहेर टळटळीत ऊन होतं. लिफ्टवालीने सवयीने पिशवी उघडून हत्यारं मोजली. चौदाच्या चौदा होती.

"चिडली आहेस," नवरा म्हणाला.

"भयंकर. इतक्यात जाणार नाही तो राग. पण मूल मला हवंय आणि ते तुझ्याकडूनच हवंय, त्याला काही इलाज नाही."

तो हसावं की नाही या विचारात असतानाच तिचा फोन वाजला. कंट्रोल रूम होती. तळमजल्यावर एक लिफ्ट बंद पडली होती, माणूस कुणी अडकलेलं नव्हतं, पण ती येईल का? रविवारच्या ड्यूटीवर दोघं असत आणि कॉल नाकारला तर रजिस्टरात कारण लिहावं लागे. बारा वर्षांत तिच्या नावापुढचा तो रकाना कोराच होता.

"दुसऱ्याला पाठवा, साहेब," ती म्हणाली. "मी आज येणार नाही."

साहेबांना ऐकण्यात चूक झाल्यासारखं वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"बरं, पण कारण काय लिहू?"

"बरं नाही म्हण," नवरा हलक्या आवाजात म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबला. त्याने मान हलवली. तिच्याजवळ आला आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नको. खरं सांग."

"मूल हवंय मला," ती फोनमध्ये म्हणाली. "तेच लिहा. सही उद्या येऊन करते."